पाणी उकळू द्या

मित्रांनो, मी इंजेक्शनच्या सुया उकळायचा एक जुना डबा आहे. पोटात पाणी, बुडाखाली स्टोव्ह आणि तोंडावर झाकण, असा माझा जन्म गेला. तरी तक्रार नाही. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मला घडवलं आणि एकाहत्तर साली कामगारांच्या सोसायटीने आपल्या दवाखान्यात आणून ठेवलं. तेव्हा तीच सुई उकळून पुन्हा पुन्हा वापरत.

काम चांगलं होतं, पण मला ते धड करू देत नसत. कंपनीचा भोंगा वाजला की शिफ्टवाल्याला आधी सोडायचं, अशी तिथली रीत होती. "ज्योतीरामभाऊ, टोचा लवकर, गेट बंद होईल!" असा गलका व्हायचा. ज्योतीराम कंपाउंडर भिडस्त माणूस. मला नीट उकळी फुटायच्या आतच तो झाकण उघडून सुई उचलायचा. मला तोंड असून बोलता येत नव्हतं, नाहीतर मी बोंब ठोकली असती.

व्हायचं तेच झालं. भिवा नावाच्या टेंपररी कामगाराच्या दंडात त्या सुईने मोठं गळू झालं. हात उचलेना, लेथवरचं काम गेलं. लोक खवळले. दवाखान्याचा कारभार नुकताच डॉक्टर कुसुमताईंकडे आला होता. सोसायटीचे चेअरमन हिंदुराव त्यांच्यापुढे गरजले, "त्या ज्योतीरामला आधी काढा!"

ताई शांतपणे म्हणाल्या, "काढू. पण उद्या दुसरा येईल, त्यालाही तुम्ही घाईच करणार ना?"

मग ताईंनी ज्योतीरामला कामावर ठेवलं आणि ठरवून दिलं की दवाखाना शिफ्टच्या बराच आधी उघडायचा, आणि उकळण्याची वेळ भरल्याशिवाय माझं झाकण कोणासाठीही उघडायचं नाही. कोणी हुज्जत घातली तर ज्योतीरामने ताईंना हाक मारायची. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

पुढच्याच महिन्यात भिवाची बायको चतुराबाई आपल्या लहानग्या लेकीला, नीलाला, कडेवर घेऊन आली. पोर तापाने फणफणली होती, श्वास लागला होता. पेनिसिलिनवाचून इलाज नव्हता. पण चतुराबाईने पोरीला पदराखाली घट्ट धरलं. "न्हाई ताई, सुई नको. नवऱ्याचा हात गेला, आता लेकीचा न्हाई घालवायची."

एवढ्यात पत्र्याने कापलेलं बोट धरून हिंदुराव आले; चेअरमन असले तरी तेही शिफ्टवालेच. त्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन हवं होतं. बाहेर भोंगा वाजला.

"ज्योतीराम, काढ सुई. गेट बंद व्हईल!"

ज्योतीरामचा हात झाकणाकडे गेला आणि थांबला. "चेअरमनसाहेब, अजून उकळायचंय. बसा."

हिंदुरावांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी नुसतं बाकाकडे बोट दाखवलं. हिंदुरावांची नजर चतुराबाईवर गेली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "व्हय, बसतो. आणि आधी त्या पोरीला द्या," म्हणत ते बाकावर टेकले.

मी जीव ओतून उकळलो. वेळ भरली, झाकण उघडलं, आणि चतुराबाईने पदर बाजूला करून नीलाला स्वतः पुढे केलं.

पोर वाचली. आता अवजारं निर्जंतुक करायला मोठा वाफेचा कुकर आलाय आणि मी फळीवर आरामात असतो. ताईंचे, ज्योतीरामचे, अगदी हिंदुरावांचेही माझ्यावर उपकार आहेत. त्यांनी मला माझं काम पुरतं करू दिलं. मित्रांनो, दवाखान्यात थांबायला सांगितलं तर कुरकुर करू नका.

चतुराबाई अजून चाळीतल्या बायकांना सांगते, "जावा, बिनघोर जावा. तितं चेअरमनलाबी थांबवत्यात."