हजर सदस्य

"ते रजिस्टर संस्थेचं आहे राजेंद्र, सरकारचं नाही. लिहून दे न, आमच्यापाशी असं काही नाही म्हून." संस्थेचे अध्यक्ष हिरालाल सर उभ्याउभ्याच बोलत होते.

"सर, सभेची नक्कल इथं येते. फायलीत लागून आहे."

"फायली हरपत नाहीत का?"

राजेंद्र गजभियेने समोरची फाइल मिटली. बालाघाटच्या त्या सरकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराचे अर्ज त्याच्याच टेबलावर येत. सरांच्या संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाच्या समितीवर शासनाचा प्रतिनिधी म्हणून सदस्यही तोच. आणि सरांच्या घरी राहूनच तो दहावी पास झाला होता.

दारापर्यंत गेलेले सर मागे वळले. "त्या सभेत तुझीबी सही आहे. मले नको वाचवू, सोताले तं वाचव."

अर्ज खैरलांजीकडच्या चंपाबाईचा होता. तिच्या नववीतल्या मुलीने, प्रियंकाने, वॉर्डन मुलींना मारते अशी तक्रार केली आणि आठवड्याभरात तिचंच नाव वसतिगृहातून कमी झालं. हे कोणत्या सभेत ठरलं, तिथे कोण कोण होतं, एवढंच चंपाबाईला हवं होतं.

उत्तराची मुदत तीस दिवसांची. राजेंद्र फाइल कपाटातून काढी, परत ठेवी. घरीही त्याला एका जागी बसवेना.

"काहून असे फिरून राह्यले?" बायकोने, गीताने, विचारलं.

"मी त्या सभेले गेलोच नव्हतो. शिपाई रजिस्टर घेऊन घरी आलता. जेवता जेवता सही केली. वाचलं नाही."

"आता वाचलं का?"

"हौ."

"मंग आता कायचा इचार करता?" म्हणत ती भांडी घासायला गेली.

एकोणतिसाव्या दिवशी चंपाबाई आली. राजेंद्रने नक्कल तिच्या हाती दिली. तिने ती उलटीसुलटी पाहिली.

"मले वाचता येत नाही साहेब. तुमीच वाचा."

कागद हिंदीत होता. तो थांबत थांबत सांगत गेला: मुलीच्या पालकांना बोलावून, त्यांच्या संमतीने...

"मले कोणी बोलावलंच नाही!"

"हजर सदस्य," त्याने पुढे वाचलं. चौथं नाव त्याचं स्वतःचं होतं. ते त्याने गाळलं नाही.

"म्हंजे तुमी होते तिथं?"

"नाही मावशी. सही माही आहे. मी नव्हतो."

तिने कागदावर बोट ठेवलं. "तुमी नव्हते, हे लिवलं आहे का ह्याच्यात?"

"नाही."

"मंग लिहून द्या."

शेजारच्या टेबलावरचे बाबूलाल काम थांबवून पाहू लागले. राजेंद्रने कोरा कागद ओढला. मी या सभेला हजर नव्हतो, न वाचता सही केली. खाली नाव, तारीख. या वेळी सही करण्याआधी त्याने ते दोनदा वाचलं.

त्या कागदावरून चौकशी झाली. वॉर्डन गेली, दिवाळीनंतर प्रियंका वसतिगृहात परतली. राजेंद्रला नोटीस आली, त्याचं सदस्यत्व गेलं. सरांनाही अध्यक्षपद सोडावं लागलं.

पुढच्या रविवारी विहारात राजेंद्र सरांसमोर जाऊन उभा राहिला. "जय भीम, सर."

सर चष्मा पुसत राहिले. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या. वंदना सुरू झाली, तसा तो मागे सरकला आणि दाराजवळ, जिथे सतरंजी संपते तिथे, गार फरशीवर हात जोडून बसला.