फोन बंद असताना वाजलेला भोंगा

मित्रांनो, कानांवर हात ठेवू नका. मी जुना भोंगा असलो, तरी आज हळू बोलणार आहे. जन्मभर ओरडून झालं आहे माझं.

माझी उमेदीची वर्षं माधवनगरच्या एका कापडगिरणीत गेली. माझ्या पोटात एक मोटर आणि एक लोखंडी पंखा. पंखा गरगर फिरला की माझा आवाज सांगलीपर्यंत जातो, असं कामगार म्हणत. मला ते खरंच वाटायचं! सकाळच्या पाळीचा भोंगा झाला की बायका तव्यावर भाकरी टाकत. माझ्यावर घड्याळं लावली जात. अवेळी मी क्वचितच वाजे. तसा वाजलो की माणूस आहे तिथे थांबे, कारण गिरणीत काहीतरी विपरीत घडलेलं असे. काय ते दिवस होते! आजही आठवले की मोटर भरून येते.

पुढे गिरणी बंद पडली आणि मी भंगारात निघालो. तिथल्याच आकाराम नावाच्या कामगाराने मला मागून घेतलं आणि कृष्णाकाठच्या आपल्या गावी आणलं. त्याच्या गोठ्यात मी कितीतरी वर्षं कडब्याखाली पडून होतो. आकारामचे केस पिकले, तो साऱ्या वस्तीचा आप्पा झाला, तरी मला कुणी विचारलं नाही.

मग करोनाची साथ आली. शाळा मोबाइलवर भरू लागली. साथ गेली, पण मोबाइल काही पोरांच्या हातातून सुटेना. शेवटी ग्रामसभेत ठरलं, रोज सात ते साडेआठ टीव्ही बंद, मोबाइल बंद, पोरं पुस्तकापुढे. पण सात वाजले हे सगळ्यांना सांगायचं कुणी? आप्पांना माझी आठवण झाली. त्यांनी मला घासूनपुसून शाळेच्या स्लॅबवर बसवलं. संध्याकाळी सातला मी वाजलो की घराघरातल्या मालिका गप होत. एखाद्या भोंग्याला म्हातारपणी आणखी काय हवं?

सुख फार टिकलं नाही. शाळेत मिलिंद सर आले. माणूस हुशार आणि कष्टाळू. त्यांनी फाटकावर कॅमेरा बसवला, वर्गात मोठा पडदा आणला आणि पालकांच्या मोबाइलवर एक ॲप घातलं. पोर शाळेत पोहोचलं की आईला संदेश. सातला पाच कमी असताना ‘अभ्यासाची वेळ झाली, फोन बंद करा’ हाही संदेशच. लोक तो वाचून इमानाने फोन बंद करत. माझं काम संपलं. गरज सरो, वैद्य मरो! खरं सांगतो, हे ॲप एकदा तरी तोंडावर पडावं, असं मला रोज वाटे.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. शाळेत शिष्यवृत्तीचा जादा तास चालू होता. आप्पांची नात प्रांजल त्या वर्गात होती. पावणेआठला तास सुटे आणि तिला न्यायला आप्पा पाटाकडेच्या वाटेने, उसातून चालत येत. त्या दिवशी साडेसातला वनरक्षकाचा सरांना फोन आला. पाटाजवळच्या उसात बिबट्या दिसला होता.

सरांनी झटकन फाटक लावलं, मुलांना आत घेतलं आणि सगळ्या पालकांना संदेश धाडला, ‘मुलं सुरक्षित आहेत. पाटाच्या वाटेने येऊ नका.’ संदेश गेले, पण एकानेही वाचला नाही.

प्रांजल रडवेली झाली. “सर, सात वाजून गेल्यात. आमचं आप्पा फोन बंद करून फळीवर ठिवत्यात. आता निघालं असतील.”

सरांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. “व्हय की गं. मीच सांगितलंय बंद करायला.”

मग त्यांना मी आठवलो. त्यांनी माझं बटण दाबलं. मोटर गुरगुरली, पण पंखा हलेना. वर्षभर मी मुका होतो, तेवढ्या काळात कुंभारमाशीने माझ्या पोटात मातीचं घर बांधलं होतं. सरांनी पुन्हा दाबलं. पुन्हा नुसती गुरगुर. ॲप तोंडावर पडलं होतं, आणि मला कसलाच आनंद झाला नाही. मित्रांनो, मी घाबरलो होतो.

सरांनी मेन स्विच काढला. “मी खाली आल्याशिवाय हात लावू नगंस,” असं प्रांजलला बजावून ते शिडीने वर आले. पट्टीने, मग बोटांनी माती उकरली. बोटं रक्ताळली, पण पंखा हाताने फिरू लागला. खाली येऊन त्यांनी मेन स्विच लावला, बटण दाबलं आणि मी जीव तोडून वाजलो. एकदा, दोनदा, तीनदा.

उसातल्या वाटेवर आप्पांचे पाय जागीच थांबले. गिरणीतली सवय ती. ते तसेच मागे वस्तीवर फिरले. शेजारच्या हंबीररावांनी ट्रॅक्टर काढला आणि चार माणसं घेऊन ते डांबरी रस्त्याने शाळेत आले. प्रांजल आप्पांना बिलगली. “आवं आप्पा, उसातनं एकलं कशाला येता?” एवढंच तिला बोलता आलं.

सकाळी वनरक्षकाला बिबट्याचे ठसे सापडले. आप्पा थांबले होते, तिथून चाळीस पावलांवर.

गावाने मला हार घातला, नारळ फोडला. सरांनी प्रत्येक वस्तीवर एक फोन चालू ठेवायचा नियम केला. आता ॲप आणि मी जोडीने राहतो. भांडण मिटलं. पण हार गळ्यात असतानाही मी एकच हिशेब करत होतो. मी गुरगुरत बसलो होतो, तेवढ्या वेळात आप्पा किती पावलं पुढे आले असतील?

म्हणून मला हार नको. तुमच्या शाळेतही कॅमेरा असेल, घंटा असेल, आग विझवायचं नळकांडं असेल. ती भिंतीवर आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. महिन्यातून एकदा मोठ्या माणसांना सोबत घेऊन ती तपासा. आमच्याकडे पहिल्या शनिवारी प्रांजल माझं बटण दाबते आणि आप्पा खाली उभे राहून माझ्याकडे बघत असतात. तुमची घंटा वाजली, तर खुशाल हसा. नाही वाजली, तर मात्र त्या दिवशी कुणाला सांगितल्याशिवाय घरी जाऊ नका.