खगोलशास्त्रात अडकलेली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी विज्ञान कादंबरी आहे. वय विचाराल तर नव्वदीच्या पुढे. पाने पिवळी पडली, पण तोरा अजून शाबूत आहे! माझ्या पोटात तीन प्रवासी वाफेच्या इंजिनावर बसून चंद्रावर जातात. सोबत छत्र्या, पाण्याची सुरई आणि एक चिडखोर मांजर.

छापून आले तेव्हा या वाचनालयात माझ्यासाठी रांग लागे. इतके हात लागले की माझा पुठ्ठा सुटला आणि माझी रवानगी बाइंडरकाकांकडे झाली. काकांनी मला घट्ट शिवले, नवा पुठ्ठा चढवला. पण माझी नवी पाठ झाली अरुंद. 'चंद्रावर वाफेची स्वारी' हे नाव तिच्यावर मावेना. काकांनी सोनेरी अक्षरांत नुसते 'चंद्र' उमटवले आणि हात झटकले.

तिथेच घोळ झाला. नव्या ग्रंथपालबाईंनी पाठ वाचली आणि मला थेट खगोलशास्त्राच्या कपाटात नेऊन ठेवले. आता बोला! एका विद्यार्थिनीने माझ्यावर विसंबून परीक्षेत लिहिले, की चंद्रावर गुडघाभर गवत असते. तिला भोपळा मिळाला. तिचे विज्ञानाचे सर तावातावाने आले आणि पेन्सिलीने माझ्या समासात 'चूक', 'चूक' असे लिहीत सुटले. चाळिसाव्या पानावर दमले. त्यानंतर मला कोणी हात लावला नाही. खरे सांगते, फार लागले माझ्या मनाला. गोष्ट सांगणारीला त्यांनी खोटारडी ठरवले होते.

वर्षे गेली. सर निवृत्त होऊन वाचनालयाच्या समितीवर आले, आणि बाद पुस्तकांच्या यादीत माझे नाव चढले. कारण काय, तर 'माहिती चुकीची'. मला गठ्ठ्यात बांधून लिफ्टजवळ ठेवले. दुपारी रद्दीचा टेम्पो येणार होता. संपले सगळे, असे मी धरून चालले होते.

नेमकी त्याच सकाळी लिफ्ट बंद पडली. दुरुस्तीला आलेली ताई म्हणाली, "मोटार तापलीये. थंड होईपर्यंत हात लावता येणार नाही." वेळ काढायला तिने गठ्ठ्यातून मला ओढून काढले. दहा मिनिटांत ती खो-खो हसू लागली.

"अहो बाई, हे कुठल्या कपाटातलं?"

"खगोलशास्त्राच्या. सगळं चुकीचं आहे त्यात," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"चुकीचं कसलं? कादंबरी आहे ही!"

ती पुन्हा वाचत बसली. दीड-दोन तासांनी सर यादीवर सही करायला आले. ताईने त्यांनाच थांबवले. "सर, एवढं ऐका. म्हातारा इंजिनवाला चंद्रावरून मागे बघतो आणि म्हणतो, 'माझं गाव कुठलं ते कळेना, म्हणून सगळ्या पृथ्वीलाच हात केला.' माणूस चंद्रावर जायच्या कितीतरी आधी लिहिलंय हे! इंजिन चुकलं असेल. पण तिथून बघताना कसं वाटेल, ते बरोब्बर ओळखलंय की!"

सरांनी चष्मा पुसला. "कितव्या पानावर आहे?"

"एकशे बारा."

"मी चाळीसच्या पुढे गेलोच नव्हतो," सर ओशाळून म्हणाले, आणि त्यांनी यादीतले माझे नाव खोडले.

टेम्पो माझ्याविना गेला! आज मी कादंबऱ्यांच्या कपाटात दर्शनी फळीवर मिरवते. खिशात अख्खे जग घेऊन फिरणारी आजची मुले आधी माझ्या वाफेला हसतात आणि मग जेवायची हाक आली तरी उठत नाहीत. माझ्यासाठी चौदा जण नंबर लावून बसले आहेत.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी पुस्तके भेटली तर खुशाल हसा, चुकाही काढा. पण पाने दुमडू नका आणि अर्ध्यात सोडू नका. सुटकेनंतर मला पहिल्यांदा घरी कोणी नेले, ठाऊक आहे? सरांनी. तिसऱ्याच दिवशी मला परत आणले आणि हळूच ग्रंथपालबाईंना विचारले, "याचा पुढचा भाग आहे का हो?"