शेवटचा टेक

आमच्या बँडचा गायक सोमेश्वर पुण्यात दोन वर्षं राहून आला आणि तेव्हापासून आमच्या जाफराबाद गावाला 'स्पेस' म्हणतो. चेहरा सदा असा, जणू जगाचं दुःख ह्याच्या एकट्याच्या सातबाऱ्यावर चढलंय. घरी बागायत आहे, दारात गाडी आहे आणि मळकट दिसणारे त्याचे शर्ट आई इस्त्री करून देते.

अल्बममधलं एकच गाणं माझं. आमच्या बापानं मेंढरं विकली, त्या दिवसाचं. शब्द माझे, चाल माझी, आणि ते मलाच गायचं होतं. एरवी मी मुकाट्यानं बेस गिटार वाजवते. सोमेश्वर म्हणाला, तुझ्या आवाजात वेदना नाही, मी गातो. मेंढी जवळ आली तर हा खुर्चीवर चढतो.

जालन्यात राधेश्यामभाऊंच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग होतं. तिथं एरवी हळदीची न् वाढदिवसाची गाणी होतात, म्हणून सोमेश्वरसाहेब भाऊंशी धड बोलेनात. मोबाइलवरून शब्द वाचत गायला आणि अंतऱ्यात सपशेल बेसूर झाला. भाऊ मला म्हणाले, एकदा गाऊन दाखव ह्याला. मी गायले. हा स्वतःचे फोटो चाळत बसला. "आलं लक्षात," म्हणाला आणि पुन्हा गायलाच नाही. दोन्ही टेक रेकॉर्ड झाले होते. कोणता ठेवायचा, असं भाऊंनी विचारलं, तर मान वर न करता म्हणाला, "शेवटचा."

शेवटचा माझा होता. भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मी गिटारच्या पिशवीची चेन लावत बसले. मी कशाला बोलते?

कलावंतानं स्वतःचं ऐकायचं नसतं म्हणे, त्यामुळं तयार अल्बम त्यानं ऐकलाच नाही. प्रकाशनाला मंगल कार्यालयात मात्र भाषण ठोकलं, हे गाणं गाताना मी आतून तुटलो. मग डोळे मिटून गाणं सुरू करायचं बटण दाबलं.

स्पीकरमधून माझा आवाज आला. पहिल्या रांगेतून माझी आई आसराबाई शेजारणीला म्हणाली, "आमची रेणुका गाऊन राह्यली."

लोक हसले. सोमेश्वरनं डोळे उघडले आणि माईकवर म्हणाला, "हो, मीच ठरवलं. तिला संधी द्यायची होती."

लाज कशाशी खातात, हे ह्याला पुण्यात कुणी शिकवलं नाही. मी गाणं बंद केलं, माईक घेतला.

"मंग आता दुसरं कडवं माझ्यासंगं गा."

त्याला एकही ओळ येत नव्हती. मी गात राहिले आणि तो शेजारी उभा राहून नुसते ओठ हलवत राहिला.