चुकायला भरपूर पानं

सृष्टीला सुटं अक्षर दाखवलं की ती बरोबर सांगायची. घ म्हणजे घ, ध म्हणजे ध. पण तीच अक्षरं ओळीत शेजारी येऊन बसली की तिला चकवायची. वेलांट्या तर तिच्या डोळ्यांदेखत इकडच्या तिकडे व्हायच्या. तिसरीत गेल्यावर शाळेच्या बाईंनी तिच्या आईला, श्रद्धाला बोलावून घेतलं, मग रीतसर तपासणी झाली आणि डिस्लेक्सिया असं निदान झालं. श्रद्धा घरी येऊन थोडी रडली आणि दुसऱ्या दिवशी कर्वेनगरातच सुरुचीताईंचा पत्ता काढून त्यांच्या दारात उभी राहिली.

सुरुचीताई अशाच मुलांना शिकवत. बोलायच्या कमी, पण मूल समोर बसलं की बाकी जग विसरायच्या. त्यांची पद्धत साधी होती. रोज घरी करायला आठ पानं. मोठाली अक्षरं, ऐसपैस ओळी, वेलांटी लाल, उकार निळा, बाकी सगळं काळं. पानं त्या संध्याकाळी फोनवर पाठवत.

"मोबाईलवर नका दाखवू," त्या म्हणाल्या होत्या. "हाताने गिरवलं पाहिजे. आणि रंग महत्त्वाचे आहेत, ते वगळू नका."

घरात प्रिंटर होता. दोन वर्षांपूर्वी लॅपटॉप घेताना ऑफरमध्ये मिळाला होता, जवळजवळ फुकट म्हणावा इतक्या पैशांत. श्रद्धाला वाटलं, चला, एक तरी काळजी मिटली. पण पंधरा-वीस दिवसांत काळी शाई संपली, पाठोपाठ रंगीत. दोन्ही कार्ट्रिज आणायला गेली तेव्हा तिला कळलं की तेवढ्या पैशांत आणखी थोडे घातले असते तर असला प्रिंटरच नवा आला असता. तरी तिने त्या आणल्या. आणखी पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा आणल्या. मध्ये कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन पाहिलं, तर तिथे रंगीत पानाला दहा रुपये, आणि पोरांची प्रोजेक्टं घेऊन लागलेली रांग फुटपाथपर्यंत.

नवरा, इंद्रजीत, शिवणे गावातल्या एका कारखान्यात होता. वाशीमहून पुण्यात येऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. घरभाडं, शाळा, सुरुचीताईंची फी हे सगळं भागत होतं, पण ताणून. म्हणून श्रद्धाने दुसरा मार्ग धरला. ती प्रत्येक पान जपायला लागली.

"जपून गं सृष्टी, एकच पान आहे."

"नीट बघ, मग लिही."

"खोड, पण हळू. फाटलं तर दुसरं नाही."

हे ती रागावून म्हणत नसे. मिठाची बरणी नीट झाक म्हणावं, तितक्या सहज म्हणायची. म्हणूनच बहुधा तिच्या लक्षात आलं नाही की सृष्टी आता आठ पानांना तास-दीड तास लावते, आणि त्यातला अर्धा वेळ पेन्सिल कागदाच्या वर बोटभर अंतरावर धरून नुसती बसते.

ते लक्षात आलं सुरुचीताईंच्या. एका शुक्रवारी त्यांनी सृष्टीला बाहेरच्या खोलीत ठोकळे खेळायला बसवलं आणि श्रद्धाला आत घेतलं.

"एक गोष्ट विचारू का? माझ्याकडे पाटीवर ती धडाधड लिहिते. चुकते, पुसते, परत लिहिते. कागद दिला की हात आखडतो. घरी काही झालंय का?"

"नाही हो. काहीच नाही."

"मारलं वगैरे?"

"नाही ना ताई," श्रद्धाचा आवाज चढला. "बोटसुद्धा लावत नाही आम्ही तिला."

सुरुचीताईंनी घरून आलेली पानं तिच्यापुढे ठेवली. एका पानावर 'धरण' या शब्दाच्या जागी कागद खोडून खोडून इतका विरला होता की पलीकडची टेबलाची फळी दिसत होती. शेवटच्या तीन पानांवर वेलांटी लाल नव्हतीच. फिकट, धुऊन निघाल्यासारखी गुलाबी होती. शाई संपत आली होती आणि श्रद्धाने तसंच रेटलं होतं.

"मीच विचारलं तिला काल," सुरुचीताई म्हणाल्या. "कागदावर का लिहीत नाहीस म्हणून. म्हणाली, चुकलं की पान वाया जातं."

आपले रोजचे शब्द पोरीच्या तोंडून दुसऱ्याच्या घरात असे ऐकायला मिळतील, हे श्रद्धाच्या मनातही आलं नव्हतं. घरी येताना सृष्टी तिचा हात धरून गतिरोधक मोजत चालली होती, आणि श्रद्धाला तिच्याकडे बघवत नव्हतं.

इंद्रजीत दुपारच्या पाळीला जायच्या आधी दुसऱ्या दिवशी जेवायला बसला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"काऊन नाही सांगितलं आधी? घेऊन टाकू नवा प्रिंटर. स्वस्तातला एखादा पाहू."

"स्वस्तातला घेतला होता, तोच महाग पडून राहिला," श्रद्धा म्हणाली. "घेताना किती पडतो ते नाही पाहायचं. चालवायला किती पडतो ते पाहायचं. माझी भिशी लागली आहे या महिन्यात. ती त्यात घालते."

"ती तर तू शिलाई मशीनसाठी—"

"मशीन थांबते. पोरगी थांबली आहे ती चालली पाहिजे."

इंद्रजीतने मान हलवली आणि भाकरी मोडली. त्यावर मग चर्चा झाली नाही.

रविवारी ती एका मोठ्या दुकानात जाऊन आली. तिथल्या सेल्समनने तिला हसतमुखाने सगळ्यात छोटा प्रिंटर दाखवला. तिने विचारलं, याची शाई किती पानं चालते? तो म्हणाला, "मॅडम, घरात असं कितीसं प्रिंट लागतं?" आणि त्यावर मिळणारी मोफत बॅग दाखवायला लागला. ती बॅग न घेताच परतली.

सोमवारी तिने जुना प्रिंटर पिशवीत घालून हिंदुरावांकडे नेला. हिंदुराव मूळचे इथलेच, त्यांची शेती होती तिथे आता सोसायट्या होत्या, आणि त्यातल्याच एकीच्या तळमजल्यावर त्यांचं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान होतं. साठी उलटलेली, चष्मा कपाळावर, बोटं कायम निळी-काळी. त्यांनी झाकण उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि झाकण लावलं.

"मशीन चांगलं हाय," ते म्हणाले. "फक्त त्याला छापायला सांगू नका."

श्रद्धाला हसू आलं नाही. ते बघून हिंदुरावांनी चष्मा डोळ्यांवर आणला. "बसा. काय छापता तुम्ही?"

तिने पिशवीतून सुरुचीताईंचं पान काढून दिलं. लेकीचं सगळं सांगितलं.

"रोज किती?"

"आठ. पण मला वाटतं, जास्त लागू द्यावीत. कितीही."

"रंग लागतोच?"

"लागतोच. वेलांटी लालच पाहिजे."

"सुट्टीत गावाला जाता?"

"मे महिन्यात जातो, वाशीमला. महिनाभर." तिला कळेना की याचा प्रिंटरशी काय संबंध.

हिंदुराव उठले. "नुसतं काळं छापायचं असतं, तर म्हणलो असतो, डोळे झाकून काळा लेझर घ्या. पावडरीवर चालतो, वर्षभर तोंड नाही बघितलं तरी वाळत नाही. पण तुम्हाला रंग हवा आणि रंगीत लेझर घरात झेपायचा नाही. तुम्ही शाईच्या टाकीवाला घ्या. घेताना जीव वर येईल. पण बाटली एकदा ओतली की हजारो पानं. आत किती उरली ते बाहेरून दिसतं, कोणाला विचारावं लागत नाही."

"आणि सुट्टीचं काय?"

"टाकीतली शाई नळीनं पुढं येती. महिना पडून राहिला तर तोंडाशी वाळती. शेजाऱ्याला किल्ली द्या, म्हणावं, हप्त्याला एक पान काढ. रंगीत. मग काय होत नाही."

दुरुस्तीला आलेला तसलाच एक प्रिंटर कोपऱ्यात होता, गिऱ्हाईक घेऊन जायचं बाकी होतं. हिंदुरावांनी तिच्या फोनवरचं पान त्याच्यावर काढलं आणि शेजारच्या लेझरवरही काढलं. लेझरचं काळं अक्षर कोरल्यासारखं होतं, पण वेलांटी राखाडी. दुसऱ्या पानावर काळं जरा मऊ होतं, आणि वेलांटी लालबुंद.

श्रद्धाने ते पान हातात धरून ठेवलं. "हाच द्या मला."

"मी विकत नाही, बाई. मी दुरुस्त करतो."

"मग मला कसं समजायचं की कोणता चांगला?"

"कुठला परत परत माझ्याकडं येतो, ते मला ठाऊक हाय. अन् कुठला येत नाही, तेबी." त्यांनी एका चिठ्ठीवर मॉडेलचा नंबर लिहून दिला. "कुठूनबी घ्या. बाटल्या मात्र त्याच कंपनीच्या घाला. दोन पैसे वाचवायला गेलात तर मला भेटायला यावं लागेल."

तपासायचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. जुना प्रिंटर सुट्या भागांसाठी ठेवून घेतला आणि त्याचे थोडे पैसे उलट तिच्याच हातावर ठेवले.

नवा प्रिंटर गुरुवारी आला. इंद्रजीतची सुट्टी होती. खोकं उघडलं, तेव्हा सृष्टी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहून बघत होती. इंद्रजीतने चार बाटल्या ओळीत मांडल्या आणि तिला जवळ बोलावलं. "ये, लाल तू ओत." ती पुढे आली, दोन्ही हातांनी बाटली धरली आणि एक थेंब न सांडता ओतली. टाकीत रंग वर चढताना ती श्वास धरून बघत राहिली.

पहिलं पान कोरं आलं.

दुसरंही कोरं आलं. भिशी, शिलाई मशीन, सगळं श्रद्धाच्या डोळ्यांपुढून गेलं. इंद्रजीत पुस्तिका उलटसुलट करत होता. तिने हिंदुरावांना फोन लावला.

"शाई ओतल्यावर दहा मिनिटं थांबला का?" त्यांनी विचारलं.

"थांबलो ना."

"बाजूला एक छोटी कळ असती. वाहतुकीत शाई सांडू नये म्हणून बंद करून पाठवत्यात. ती उघडली का?"

श्रद्धाने प्रिंटरच्या बाजूला बोट फिरवलं. कळ होती, आणि बंद होती. तिने ती उघडली.

"झालं का?" हिंदुराव म्हणाले. "ठेवतो. पुस्तक वाचायची सवय लावा नवऱ्याला."

त्यानंतर प्रिंटरने थोडा वेळ घरघर केली, एक पान रेघांचं काढलं, आणि मग सुरुचीताईंचं पान अलगद बाहेर आलं. वेलांटी लाल, उकार निळा. श्रद्धा तिथेच फरशीवर बसली. इंद्रजीत तिच्याकडे बघून हसला, आणि मग तिलाही हसू आवरेना.

तिने तेच पान पुन्हा काढलं. पुन्हा काढलं. पाच पानं झाल्यावर तिने ती सृष्टीच्या पुढे ठेवली.

"ही सगळी तुझी."

"सगळी सारखीच आहेत," सृष्टी म्हणाली.

"हो. पहिलं चुकवायचं."

सृष्टीने आईकडे, मग बाबांकडे पाहिलं. यात काही डाव आहे की काय, अशा नजरेनं. "मुद्दाम?"

"मुद्दाम. जितकं चुकवता येईल तितकं. पाचही चुकली, तर आई अजून पाच काढेल. माझीच चूक झाली होती, सृष्टी. मी उगीच तुला सारखं जपून, जपून म्हणत राहिले."

सृष्टीने पेन्सिल उचलली. 'घर'च्या जागी तिने मोठ्या अक्षरात 'धर' लिहिलं आणि थांबली. मग 'धरण'च्या जागी 'घरण' लिहिलं, त्याला दोन वेलांट्या लावल्या आणि खुदकन हसली. पुढचं सगळं पान तिने अशा वेगात बिघडवलं की इंद्रजीत मध्येच म्हणाला, "अगं, इतकं चुकायलाही डोकं लागतं." दुसरं पान तिने आपणहून ओढलं. त्यावर 'घर' बरोबर होतं. 'धरण' एकदा चुकलं. तिने खोडलं नाही, नुसती आडवी रेघ मारली आणि पुढे लिहिलं. त्या दिवसाच्या सगळ्या आठ पानांना मिळून चाळीस मिनिटं लागली. त्यात मुद्दाम बिघडवलेलं पानही आलं.

एका दिवसात अक्षरं सुधारत नाहीत, हे श्रद्धाला माहीत होतं. सुरुचीताईंनीही तेच सांगितलं, वर्षं लागतील म्हणाल्या. पण पुढच्या शुक्रवारी त्यांनी पानांचा जाडजूड गठ्ठा हातात तोलून पाहिला, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर मोकळं हसू आलं. "आता ही माझ्याकडे शिकतेय," त्या म्हणाल्या. "आतापर्यंत घाबरत होती."

त्या रात्री श्रद्धाला अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागली. कित्येक आठवड्यांत असं झालं नव्हतं.

महिनाभराने एका संध्याकाळी ती भाजीला निघाली होती. सृष्टी म्हणाली, "थांब, मी यादी लिहून देते." एका पाठकोऱ्या पानावर तिने जमिनीवर पालथं पडून लिहिलं, स्वतःशी पुटपुटत, दोनदा काट मारत. श्रद्धा दारात चपला घालून थांबली. कागद हातात आला तेव्हा त्यावर होतं: कोथींबिर, मीरच्या, लिंबु, बटाटे.

बटाटे अगदी बरोबर होते.

"आणखी काही?" श्रद्धाने विचारलं.

"पेरू पण. पण ते तू लक्षात ठेव, मला कंटाळा आला."

श्रद्धाने यादी घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि जिना उतरली. भाजीवाल्यापुढे तिने ती उघडली, वरून खाली वाचली आणि त्याच क्रमाने सगळं मागून घेतलं.