माठाखालचं हलकं चाक

मित्रांनो, मी एक जुनं चाक आहे. मोटारीचं. पण माझ्या आयुष्याची पहिली सात वर्षं मी वीतभरसुद्धा फिरले नाही, असं सांगितलं तर तुम्हाला पटायचं नाही. चाकानं फिरायचं नाही तर करायचं काय? मी पाणी सांभाळत होते. कसं, ते ऐका.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतलं आणि एकाच भट्टीतून आम्ही पाच भावंडं बाहेर पडलो. सडपातळ आरे, चकचकीत कडा. लोखंडी चाक साडेसहा किलोचं, तर आम्ही साडेचार किलोची. जन्मल्याबरोबर बाळाचं वजन करतात ना, तसं आमचंही झालं. काट्यावर ठेवणारा माणूस म्हणाला, "अगदी हलकी झालीत." त्याच्या आवाजात कौतुक होतं. हलकं असणं म्हणजे चांगलं असणं, अशीच माझी तेव्हा समजूत झाली.

विंझरच्या हनुमंतानं जुनी छोटी मोटार घेतली आणि हौसेनं आम्हा पाचांना आणलं. चौघांना टायर चढले. पाचव्याला, म्हणजे मला, टायर घ्यायचा राहून गेला. मला तसंच डिकीत टाकलं.

गाडी दारात आली तेव्हा हनुमंताच्या आईनं, सगुणाबाईंनी तिला ओवाळलं. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि गाडी त्यांवरून पुढे गेली. लिंबं फुटल्याचा आवाज मी डिकीतून ऐकला. माझ्याखाली लिंबू नव्हतं. साधीच गोष्ट आहे, पण ती माझ्या मनात राहिली.

मग सगुणाबाईंनी डिकी उघडून पाहिली. मला एका हातानं उचललं. जन्मभर पाण्याचे हंडे वाहिलेला हात तो.

"हनुमंता, हे लई हलकं हाय रं."

"आये, म्हणून तर आणली."

"हलका माल कुनी इकत आनतं व्हय? फसवलं तुला त्या दुकानदारानं."

मित्रांनो, आपल्या भाषेत हलकं या शब्दाला दोन तोंडं आहेत. एक वजनाबद्दल बोलतं, दुसरं लायकीबद्दल. कारखान्यात मी पहिलं पाहिलं होतं. दारात दुसरं भेटलं.

पुढे पावसाळ्यात, नसरापूर सोडल्यावर एका खड्ड्यात गाडी आदळली. आमच्यातल्या एका चाकाची कड वाकली. हनुमंत गाडी हळूहळू चालवत घरी आला. सगुणाबाई उंबऱ्यातच होत्या.

"म्या काय म्हनलं व्हतं?"

त्याच आठवड्यात हनुमंतानं चारही भावंडं काढली, लोखंडी चाकं बसवली आणि आमची चौकडी भोरला बंडूच्या टायरच्या दुकानात दिली. बंडूनं वाकलेली कड ठोकून सरळ केली आणि चौघांना चंदेरी रंग फासला. कुणाला लागलं होतं, ते आता आरशासमोर उभं करूनही कळलं नसतं.

मलाही नेणार होते. पण सगुणाबाई म्हणाल्या, "एक राहू दे हितं. माझा माठ डुलतो."

अशी मी माठाखाली गेले. पडवीच्या कोपऱ्यात मला आडवं टाकलं आणि माझ्या मधल्या खळग्यात माठ बसवला. तो डुलायचा थांबला. पाझरून येणारं पाणी माझ्या अंगावरून उतरायचं. उन्हाळ्यात शेतावरून आलेली माणसं घटाघट पाणी पिऊन म्हणायची, "काय गार पाणी आहे." कौतुक माठाचं व्हायचं. व्हायलाच हवं. मी नुसती मांडी दिली होती.

खोटं कशाला सांगू, मला वाईट दिवस नव्हते. भरल्या माठाचं ओझं मांडीवर झोपलेल्या लेकरासारखं असतं. पाय अवघडतात, पण हलवावंसं वाटत नाही. तरी रस्त्यावरून एखादी गाडी वेगात गेली, की माझ्या आत काहीतरी सुरू व्हायचं आणि तिथंच थांबायचं. हळूहळू माझ्यावर शेवाळ चढलं, पांढऱ्या क्षाराचे थर बसले. घरातली माणसं मला तिवई म्हणू लागली. मी चाक आहे, हे सगळे विसरले. कधीकधी मीसुद्धा.

आता रत्नाबद्दल सांगते. हे मला भावंडांनी नंतर सांगितलं.

रत्ना भोरची. नवरा सोमनाथ, त्याचं गॅरेज. ती स्वतः शाळेची व्हॅन चालवते आणि गॅरेजमध्ये हात काळे करायलाही तिला आवडतं. दोघांनी मिळून एक जुनी छोटी मोटार ट्रॅकसाठी तयार केली होती. ट्रॅक म्हणजे गाडी पळवून वेळ मोजायची बंदिस्त वाट. तिथं समोरून एसटी येत नाही, म्हैस आडवी येत नाही. वळणं मात्र असतात, आणि प्रत्येक वळणावर गाडीची परीक्षा.

मागच्या स्पर्धेत रत्ना अकरा गाड्यांत शेवटची आली होती. ती वळणं घेत होती तेव्हा भोंग्यावर कुणीतरी म्हणालं, "ताईंना काही घाई दिसत नाही." सगळे हसले. सोमनाथही हसला, सवयीनं, आणि मग ओशाळला. घराच्या दारात उतरताना रत्ना एवढंच म्हणाली, "गाडी जड आहे. मी नाही."

तिचं खरंच होतं. तुमच्यापैकी भातलावणी केलेल्यांना हे लगेच कळेल. डोक्यावर शेरभर ओझं असलं तर माणूस चालतो. तेवढाच चिखल पायांना चिकटला, तर पाऊल उचलत नाही. लोखंडी चाकं म्हणजे गाडीच्या पायांचा चिखल. तो उतरवला तर छोटं इंजिनही धावतं आणि ब्रेक लवकर लागतो.

पण हलकी नवी चाकं घ्यायची तर चार चाकांच्या पैशांत रत्नाची आख्खी गाडी आली असती. म्हणून तिनं तालुक्यातल्या गॅरेजवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं, 'हलकी चाकं पाहिजेत. जुनी चालतील. परवडणारी असावीत.'

दुसऱ्या दिवसापासून गॅरेजसमोर चाकं येऊ लागली. गंजलेली, चेपलेली. एकाला तर बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेइतकं वजन होतं. टेम्पोतून चार वाकडी चाकं घेऊन बंडूच आला आणि म्हणाला, "वहिनी, याच्यापेक्षा हलका माल अख्ख्या तालुक्यात दाखवा."

रत्ना कपाळाला हात लावून म्हणाली, "बंडूभाऊ, वजनानं हलकी हवीत हो."

"मग तसं लिवायचं की. मी तुमच्यासाठी मुद्दाम वाईट वाईट हुडकून आणली."

सोमनाथ हसत हसत खालीच बसला. रत्नालाही हसू आलं. मग ती सोमनाथबरोबर ताणकाटा घेऊन बंडूच्या दुकानात गेली आणि एकेक चाक लटकावून पाहू लागली. मागच्या फळीवर धूळ खात पडलेल्या माझ्या चार भावंडांपैकी एकाला तिनं काट्याला लावलं. साडेचार. तिनं पुन्हा लावलं. साडेचारच. तिची गाडी हनुमंताच्या गाडीच्याच घराण्यातली, त्यामुळे नटांची भोकंही जुळली. स्पर्धा रविवारी होती आणि हा शुक्रवार.

दुसरं कुणी असतं तर तिथंच टायर चढवले असते. रत्नानं विचारलं, "ही कुणाची? कुठं आपटलीत का?"

"विंझरच्या हनुमंताची. आपटलं होतं एक. कुठलं ते आता आठवत न्हाई, रंग दिला ना."

"मग विचारून येऊ."

"अगं, चांगली चकाचक आहेत," सोमनाथ म्हणाला.

"अहो, वळणावर यातलं एक फुटलं तर माझ्या हातात नुसतं स्टिअरिंग राहील. चला."

अशी माझी भावंडं सात वर्षांनी विंझरच्या दारात आली. चौघांना पडवीत भिंतीला टेकून उभं केलं. मी दोन हातांवर होते. मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला नाही. शेवाळाखाली कोण ओळखणार?

हनुमंत नोकरीवर पुण्याला होता. सगुणाबाईंनी दोघांना पाणी दिलं, माझ्यावरच्या माठातलंच.

"कशापायी घेतली ही, पोरी?"

"हलकी आहेत म्हणून, आजी."

सगुणाबाई भिंतीला टेकलेल्या चाकांकडे वळल्या. "हलकी म्हनून टाकली आमी. आन तू हलकी म्हनून घेतलीस?"

रत्नानं त्यांना पायाच्या चिखलाची गोष्ट सांगितली. सगुणाबाईंनी वाकून स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "व्हय की," त्या म्हणाल्या. "माझा हनुमंत तेच सांगत व्हता. म्या ऐकून नाही घेतलं."

"यातलं कुठलं आपटलं होतं, आठवतं का?"

"आठवायचं कशाला? वाजवून बघू."

त्या आत गेल्या आणि लाटणं घेऊन आल्या. सोमनाथनं रत्नाकडे पाहिलं, जणू आता हे आपल्यालाच बसणार. सगुणाबाई म्हणाल्या, "बाजारातनं मडकं घेताना काय करतोस रं? रंग बघतोस का वाजवून घेतोस?"

त्यांनी सोमनाथला एक चाक दोरीला बांधून अधांतरी टांगायला लावलं आणि लाटणं हळूच मारलं. खण्ण. आवाज बराच वेळ पडवीत फिरत राहिला. दुसरं, खण्ण. तिसरंही. चौथ्यावर लाटणं पडलं आणि आवाज आला, बद्द.

पुन्हा मारलं. बद्द.

रत्नानं पदराच्या टोकानं त्या चाकाची मागची बाजू घासली. सुटत आलेला चंदेरी रंग निघाला आणि आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसली. ती बोटाएवढी लांब होती. माझ्या भावंडानं सात वर्षं ती वेदना रंगाखाली धरून ठेवली होती.

"तीन ही आणि एक लोखंडी लावू," सोमनाथ हळू आवाजात म्हणाला.

"एका पायात चप्पल आणि एकात बूट घालून पळू का मी?" रत्ना उठली. "राहू द्या. पुढच्या वर्षी बघू." तिनं असं म्हटलं खरं, पण तिचा आवाजही बद्दच आला.

मित्रांनो, मला त्या वेळी ओरडावंसं वाटलं. पण चाकाला तोंड नसतं. माझ्या मांडीवर माठ होता आणि माठात पाणी होतं.

सगुणाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. बोटं मोजत म्हणाल्या, "थांब. पाच व्हती. गाडीला चार, डिकीत एक. पाचवं कुठं गेलं?"

माळा बघितला. गोठा बघितला. शेवटी त्यांनी हनुमंताला मोबाईल लावला आणि आवाज मोठा केला.

"हनुमंता, ते पाचवं चाक कुनाला दिलंस?"

"कुणाला नाही. तूच ठेवून घेतलंस की, आये."

"म्या? म्या काय करू चाकाचं?"

"माठाखाली घातलंस."

फोन हातात तसाच राहिला. तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. सात वर्षांत पहिल्यांदा कुणी माठाकडे न बघता माझ्याकडे पाहिलं.

सगुणाबाईंनी माठ रिकामा केला. पाणी तुळशीला आणि म्हशीला दिलं. मग नारळाच्या काथ्यानं मला घासलं. शेवाळ गेलं, क्षार गेले, आत माझे आरे दिसू लागले. सोमनाथनं मला दोरीला टांगलं. आणि मला भीती वाटली. सात वर्षं ओलीत काढली होती. माझ्या आत काय झालं असेल, मला तरी काय ठाऊक? खोटा आवाज काढता येत नसतो. आत जे असेल तेच बाहेर येतं.

लाटणं पडलं.

खण्ण.

रत्नानं डोळे मिटून तो आवाज संपेपर्यंत ऐकला.

निघताना सगुणाबाईंनी परसातलं एक लिंबू तोडून तिच्या हातात दिलं. "ह्याच्या एकट्याच्या खाली ठेव. त्याचं ऱ्हायलं व्हतं."

शनिवारी बंडूनं मला टायर चढवला. रविवारी पहाटे गॅरेजच्या दारात रत्नानं माझ्याखाली ते लिंबू ठेवलं. मी पहिल्यांदा फिरले, आणि माझ्याखाली ते फुटलं.

ट्रॅकचं काय सांगू? डाव्या हाताला पुढे मी होते. सरळ वाटेवर वारा आऱ्यांतून शीळ घालत होता. वळण आलं की रत्ना सारा भार माझ्यावर टाकायची, आणि मला माठ आठवायचा. ओझं कसं धरायचं ते मी तिथंच शिकले होते. भोंग्यावरचा माणूस आज गप्प होता.

संध्याकाळी सगुणाबाईंचा फोन आला. "कितवी आलीस?"

"सातवी, आजी."

"मागं किती जन हायत?"

"चार."

"मंग लई झालं."

मित्रांनो, ते चिरलेलं भावंड आता माझ्या जागी आहे, माठाखाली. ते पळू शकत नाही, पण पाणी सांभाळू शकतं. सगुणाबाई त्याला तिवई म्हणत नाहीत. पाणी प्यायला येणाऱ्याला सांगतात, "हे आमच्या हनुमंताचं चाक हाय बरं का."

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा धुऊन बघा. वरच्या रंगावर जाऊ नका, वाजवा आणि कान द्या. बद्द वाजलं तर त्याला जपून दुसरं काम द्या. आणि कुणाला हलकं म्हणायची वेळ आली, तर आधी हातात उचलून बघा. मलाही सगुणाबाईंनी उचलून पाहिलं होतं. फक्त वाजवून बघायला त्यांना सात वर्षं लागली.