सॉरी, वहिनी

"सॉरी, वहिनी," रुद्रेश म्हणाला आणि त्यानं दुसरी पोळी तुपात बुडवली. पाहुणे बारशासाठी खोळंबले होते, हा मात्र सगळ्यांआधी ताटावर.

महेश्वरीची आई कस्तुराबाई तेवढी आली नव्हती. 'लातूरहून येताना बेंबळीत मावशींना गाडीत घेतो,' असं या दिरानंच छाती पुढं काढून सांगितलेलं. वाटेत दोस्त भेटले, गप्पा रंगल्या, गाडी थेट जळकोटला, घरी. आई मात्र नातीची कुंची मांडीवर घेऊन, एकेक एसटी सोडत, बेंबळीच्या स्टँडवर उन्हात बसून राहिली. शेवटी घरी परतली. फोनवर एवढंच म्हणाली, "माझ्यावाचून काय अडतंय? उरका तुमी."

महेश्वरी लेकीला पाजायला आत गेली. लग्नाआधी ती शाळेत इंग्रजी शिकवायची. शब्दांची मुळं मोबाइलवर धुंडाळायची खोड अजून होती. सॉरी. हजारेक वर्षांमागं हा शब्द जखमेच्या, ठणक्याच्या भावकीतला. आत काही दुखत असलेल्या माणसाचा. पुढं त्याला 'भिकार, केविलवाणा' असाही अर्थ चिकटला. तेवढ्यात बाहेरून रुद्रेशचा ढेकर आला. हा दुसरा अर्थ कसा अगदी मापानं शिवलेला!

लेकीनं दूध सोडून तिचं बोट मुठीत धरलं.

"थांब माझे बाई," ती कुजबुजली. "आजी आल्याबिगर तुला नाव न्हाय."

बाहेर येऊन तिनं तेच सासूबाईंना, शरणम्मांना सांगितलं. "आईची कुंची घातल्याशिवाय पोर पाळण्यात जाणार न्हाय."

"अगं, लोक उपाशी बसलेत!"

"सॉरी म्हटलं ना!" रुद्रेश वैतागला. "आता काय पाया पडू?"

"माझ्या नको, भावजी. आईच्या पडा. अन् तिथं सॉरी नको. तिला इंग्रजी येत न्हाय, अन् तुमाला त्या शब्दाचा अर्थ."

बायका पदराआड हसल्या. शरणम्मांनी लेकाच्या तुपाळ बोटांकडं पाहिलं. "ऊठ रे. हात धू अन् गाडी काढ."

दिवस कलताना गाडी परतली. कस्तुराबाई कुंची छातीशी धरून उतरल्या. मागं रुद्रेश, किल्ली चाळवत.

"मावशी... ते..." साऱ्या अंगणाचे कान त्याच्याकडं. "चुकलं माझं, मावशी." तो वाकला, तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला दिसला.

"असू दे बाबा," कस्तुराबाई लगेच विरघळल्या.

महेश्वरी विरघळली नाही. तिनं लेकीला पुढं केलं. हनुवटीखाली कुंचीचे बंद बांधताना घाईत आईची गाठ दोनदा सुटली.

"दमानं बांध, आई," ती म्हणाली. "कुणालाच घाई न्हाय."